शुगर नॉर्मल आली म्हणून ती गोळी बंद करू नका

एप्रिलमधली दुपार होती. बार्शीत त्या वेळेला रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि माझी आत्या डोक्यावर पदर घेऊन चालत दुकानात आली. पाणी दिलं तर घेतलं नाही. पिशवीतून लॅबचा घडी घातलेला कागद काढला, काउंटरवर पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'युरिन शुगर', आणि पुढे अधिकची चार चिन्हं.

"बघ, त्या नव्या गोळीनं किडनी नासवली माझी. लघवीतनं साखर गळायला लागली. मी बंद केली ती. आणि तसंही शुगर नॉर्मल आलीय, मग कशाला खायची?"

कागद पंधरा दिवसांपूर्वीचा होता. उपाशीपोटीची साखर ११२, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीए१सी ६.८. दोन्ही आकडे छान. आणि ज्या चार चिन्हांना घाबरून तिनं गोळी सोडली, ती गोळी काम करत असल्याचीच खूण होती. डापाग्लिफ्लोझिन नावाची ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते, तेच तिचं काम. ती घेणाऱ्यांच्या लघवीत साखर दिसणारच, मग रक्तातली साखर कितीही चांगली असो. आत्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. चिठ्ठी बघून स्ट्रिप काढून दिली, "सकाळी एक" म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. घरचं माणूस असून ही गत, तर बाकीच्यांचं काय होत असेल, हे त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी फार्मासिस्ट आहे, बावीस वर्षं मेडिकल चालवते. गोळी सुरू करणं, बंद करणं, डोस ठरवणं हे डॉक्टरांचं काम. पण आपली कोणती गोळी कशासाठी आहे, कोणती तपासणी मागून घ्यायची आणि कोणत्या दिवशी फोन उचलायचा, हे ज्याचं त्याला माहीत असायला हवं. ते इथे लिहिते.

आधी जाळी समजून घ्या

माझ्याकडे शेतकरी गिऱ्हाईक जास्त, म्हणून मी ठिबकचं उदाहरण देते. पंपाकडून पाणी येतं, फिल्टरच्या जाळीतून जातं आणि पुढे नळ्यांत उतरतं. फिल्टरच्या आधी एक व्हॉल्व्ह, नंतर एक. आधीचा व्हॉल्व्ह सताड उघडा आणि पुढचा आवळलेला असला, तर सगळा दाब जाळीवर येतो. ती एका दिवसात फाटत नाही. आधी ताणते, मग एखाद्या ठिकाणी विरते.

मूत्रपिंडात असंच आहे, फक्त आकार फार बारीक. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. आत येणारी एक नळी, बाहेर जाणारी एक. या सगळ्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा शरीर परत घेतं आणि दीड-दोन लिटर लघवी होते.

गाळलेल्या द्रवात साखर असते. शरीर ती वाया जाऊ देत नाही. गाळणीच्या पुढच्या नळीत जणू बारीक पंप बसवलेले असतात, ते साखर आणि तिच्यासोबत मीठ परत रक्तात ओढतात. मधुमेहात साखर जास्त, म्हणून हे पंप जास्त चालतात आणि मीठही जास्त ओढलं जातं. नळीच्या पुढच्या टप्प्यावर राखणीला बसलेल्या पेशी असतात. त्यांच्यापर्यंत मीठ कमी पोचलं की त्यांचा समज होतो, गाळणीला रक्त कमी पडतंय. मग त्या आत येणारी नळी सैल करायला लावतात. रक्त धो धो येतं, जाळीवरचा दाब वाढतो. एकीकडे साखरेमुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होत असतं, दुसरीकडे हा दाब. काही वर्षांनी जाळी विरते आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, जे एरवी गाळणीतून जवळजवळ जातच नाही, ते लघवीत उतरू लागतं.

यातलं काहीही दुखत नाही. लघवी नेहमीसारखी होते. पायावर सूज येते ती फार उशिरा.

लघवीची कोणती तपासणी, ते नाव घेऊन सांगा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. लॅबमध्ये जाऊन "लघवी तपासा" एवढंच म्हटलं, तर पट्टी बुडवून केलेली साधी तपासणी होते. त्यात अल्ब्युमिन बरंच गळायला लागल्यावरच दिसतं. सुरुवातीची गळती त्या पट्टीला कळत नाही आणि कागदावर 'निल' येतं. तुम्हाला हवी आहे ती तपासणी म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. लॅबवाले तिला एसीआर म्हणतात. मधुमेह दुसऱ्या प्रकारचा असेल, म्हणजे मोठेपणी होणारा, तर निदान झालं त्याच वर्षी आणि नंतर दरवर्षी एकदा. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात पाच वर्षं झाल्यावर दरवर्षी.

सकाळची पहिली लघवी नेलेली बरी. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, पाळी चालू असेल किंवा आदल्या दिवशी शेतात अंगमेहनतीचं काम केलं असेल, तर तपासणी पुढे ढकला, नाहीतर आकडा उगाच वाढलेला येतो. ३० च्या खाली ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे, आणि औषधाचा सगळ्यात जास्त उपयोग होण्याची वेळ हीच. ३०० च्या वर म्हणजे जाळी चांगलीच विरली आहे. एका कागदावर विसंबू नका. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेला आला, तर खरा धरायचा.

जोडीला रक्तातलं क्रिएटिनिन बघा, म्हणजे मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा कचरा रक्तात किती साठलाय ते, आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती वेगानं गाळतंय तो आकडा; तो जितका कमी तितकं मूत्रपिंड मंद. हा ईजीएफआर हल्ली बहुतेक लॅब आपणहून छापतात. नुसत्या क्रिएटिनिनवर भिस्त नको. मूत्रपिंडाची जवळजवळ निम्मी ताकद जाईपर्यंत तो आकडा नॉर्मलच्या रकान्यात राहू शकतो.

माझ्या वडिलांचं असंच झालं. अण्णांना शुगर होती, नियमाने रक्त तपासायचे, क्रिएटिनिन 'नॉर्मल' यायचं. त्या वर्षांत एकदाही कुणी त्यांच्या लघवीतलं अल्ब्युमिन बघितलं नाही. मग एका वर्षी त्यांची साखर आपोआप कमी येऊ लागली. इन्शुलिनचा डोस निम्म्यावर आला तरी आकडे चांगले. आईनं देवाला नारळ फोडला. मी तेव्हा नुकतीच डिप्लोमा करून आले होते, आणि मलाही आनंदच झाला. वस्तुस्थिती अशी होती की इन्शुलिनची बरीचशी विल्हेवाट मूत्रपिंडातच लागते. मूत्रपिंड मंदावलं की ते रक्तात जास्त वेळ राहतं आणि कमी डोस पुरतो. आम्ही ज्याला गुण आला समजलो, ते मूत्रपिंड हात टेकत असल्याचं लक्षण होतं. पुढची अडीच वर्षं अण्णा आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीनं सोलापूरला डायलिसिसला जात होते. खाणं, वजन, व्यायाम काहीही न बदलता तुमच्या घरात कुणाची साखर आपणहून उतरायला लागली, तर आनंद करण्याआधी क्रिएटिनिन आणि एसीआर करून घ्या.

दोन व्हॉल्व्ह, दोन गोळ्या

आता औषधांकडे येऊ. साखर कमी करणारं कोणतंही औषध बारीक रक्तवाहिन्यांना काही प्रमाणात वाचवतंच, कारण साखर हेच मूळ विष. ब्रिटनमध्ये पाच हजारांवर नव्या मधुमेही रुग्णांवर वीस वर्षं चाललेला एक मोठा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची तीन महिन्यांची सरासरी ७.९ ऐवजी ७ च्या आसपास ठेवली, त्यांच्यात डोळा-मूत्रपिंडासारखे बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, इन्शुलिन, ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या या सगळ्यांचं महत्त्व एवढ्यासाठी आहेच.

पण काही गोळ्या साखरेच्या पलीकडचं काम करतात, त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली गोळी बीपीची म्हणून येते: लोसार्टन, टेल्मिसार्टन, इर्बेसार्टन, किंवा दुसऱ्या कुळातली रामिप्रिल, एनालाप्रिल. ही बाहेरचा व्हॉल्व्ह सैल करते. गाळणीतून बाहेर जाणारी नळी रुंद झाली की जाळीवरचा दाब उतरतो. मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेल्या लोकांना लोसार्टन आणि इर्बेसार्टनचा फायदा होतो, हे २००१ साली दोन मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालं. म्हणून "माझं बीपी आता १२० वर ८० आहे, ही गोळी कशाला" असं कुणी म्हणालं की मी एसीआर विचारते. लघवीतून अल्ब्युमिन जात असेल, तर ती गोळी जाळीसाठीही चालू आहे. रामिप्रिलनं काहींना कोरडा खोकला येतो. तसं झालं तर डॉक्टर सार्टनवर बदलून देतात. दोन्ही कुळांची औषधं एकत्र मात्र घ्यायची नसतात. एका डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रामिप्रिल आणि दुसऱ्यांच्या चिठ्ठीवर टेल्मिसार्टन, आणि आजोबा दोन्ही इमानदारीनं खातायत, असं मी दुकानात दोनदा पकडलं आहे. आणि दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल, तर या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना ताबडतोब सांगायचं. त्या गर्भाला अपाय करतात.

दुसरी गोळी आत्याची. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन: शेवटी 'फ्लोझिन' आलं की ओळखायचं. हिचा पूर्वज सफरचंदाच्या झाडाच्या सालीतला आहे. १८३५ साली युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ काढला, आणि पन्नासेक वर्षांनी लक्षात आलं की तो दिला की लघवीत साखर उतरते. आजच्या गोळ्या त्याच धर्तीवर बनवल्या. मघाशी सांगितलेले साखर ओढणारे पंप त्या बंद पाडतात. साखर लघवीत जाते, सोबत मीठही पुढे सरकतं. राखणीच्या पेशींना मीठ पोचतं, त्यांचा गैरसमज दूर होतो आणि आत येणारी नळी पुन्हा आवळली जाते. म्हणजे हिनं आधीचा व्हॉल्व्ह थोडा बंद केला, बीपीच्या गोळीनं पुढचा थोडा उघडला, आणि जाळी दोन्हीकडून सुटी झाली.

साखर कमी झाली म्हणून मूत्रपिंड वाचलं, एवढंच हे असतं तर मी वेगळं लिहिलं नसतं. २०१९ साली कॅनाग्लिफ्लोझिनची ४,४०१ लोकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळे मधुमेही, सगळे आधीच बीपीची ती गोळी घेणारे. मूत्रपिंड निकामी होण्यासारखे मोठे धोके ३० टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवली. पुढच्याच वर्षी डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत ३९ टक्के घट दिसली, आणि त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच! ज्यांना शुगर नाही त्यांचंही मूत्रपिंड ही गोळी सांभाळते. आत्याला मी हेच वाक्य सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसली.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की ही गोळी साखर फारशी उतरवत नाही. मग घरात कुणीतरी म्हणतं, "गुणच नाही, बंद करा." त्या टप्प्यावर ती साखरेसाठी नसतेच, उरलेलं मूत्रपिंड टिकवण्यासाठी असते. ईजीएफआर २० पर्यंत असला तरी डॉक्टर ती सुरू करू शकतात.

गेल्या काही वर्षांत आणखी दोन औषधं आली. फिनेरेनोन ही गोळी मूत्रपिंडातली सूज आणि व्रण होण्याची क्रिया रोखते. २०२० सालच्या चाचणीत तिनं धोका १८ टक्क्यांनी कमी केला. सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन लोकांना वजनासाठी माहीत आहे. २०२४ साली ३,५३३ मधुमेही मूत्रपिंड-रुग्णांवर त्याची चाचणी आली, आणि धोका २४ टक्क्यांनी उतरला. ही दोन्ही सगळ्यांसाठी नाहीत. पण एसीआर वाढलेला असेल तर "डॉक्टर, मला यातलं काही लागू पडेल का?" असं विचारायला हरकत नाही. ग्लिप्टिन गटाच्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देत नाहीत, पण अशी वेगळी राखणही करत नाहीत.

गोळी सुरू करताना

घरी आल्यावर स्ट्रिप उलटी करा. मोठ्या अक्षरांतलं कंपनीचं नाव सोडा, बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव वहीत लिहा, पुढे मिलिग्रॅम लिहा. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध असू शकतं. मेटफॉर्मिन एकटं येतं, ग्लिमेपिराइडबरोबर येतं, डापाग्लिफ्लोझिनबरोबरही येतं, आणि तीन स्ट्रिपांत मिळून ते दुप्पट पोटात जातंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला तर मेटफॉर्मिनचा डोस कमी करावा लागतो, ३० च्या खाली ते थांबवतात. तेव्हा ही वही कामाला येते.

पैशाचं बोलायचं तर, डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट २०२० साली संपलं आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ च्या मार्चमध्ये. पन्नास-साठ रुपयांना एक मिळणारी गोळी आता दहा-पंधरा रुपयांत आणि त्याहूनही कमी दरात येते. जुनी महागडी स्ट्रिप अजून घेत असाल, किंवा महाग म्हणून दिवसाआड खात असाल, तर डॉक्टरांना विचारून स्वस्त कंपनीची घ्या. दिवसाआड घेऊन अर्धा फायदा होतो असं काही नाही.

सुरू केल्यानंतर दोन-चार आठवड्यांत क्रिएटिनिन तपासा. ते किंचित वाढलेलं येईल. आत्याचं ०.९ वरून १.० झालं. जाळीवरचा दाब उतरला की गाळण्याचा वेग थोडा कमी होतो, म्हणून हा आकडा हलतो. बीपीच्या गोळीनंही असंच होतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण पुढच्या वर्षांतली घसरण त्यामुळेच मंदावते. त्याहून जास्त वाढली तर मात्र त्यांना लगेच दाखवा. सोबत पोटॅशियमही बघून घ्या, विशेषतः सार्टन किंवा फिनेरेनोन चालू असेल तर. पोटॅशियम वाढलेलं असताना रोजचं नारळपाणी आणि 'कमी सोडियमवालं' मीठ या आरोग्याच्या म्हणून आणलेल्या दोन्ही वस्तू घात करू शकतात. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

आता एक गोष्ट जी बायका काउंटरवर मोठ्यानं विचारत नाहीत. लघवीत साखर असली की त्या जागी बुरशीची खाज होऊ शकते, पुरुषांनाही होते. लघवीनंतर साध्या पाण्यानं धुवा, कोरडं पुसा, सुती कपडे वापरा. खाज आली तर लाजून गोळी बंद करू नका. क्रीम किंवा गोळीनं ती बहुधा पटकन बरी होते. मात्र त्या भागात जोराचं दुखणं, सूज आणि ताप असं एकत्र आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. असं क्वचितच होतं, पण थांबण्यासारखं नसतं.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड आधीपासून असेल, तर नवी गोळी आल्यावर साखर खाली जाऊन घाम, थरथर होऊ शकते. त्या औषधांचा डोस कमी करायचा का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

गोळी थांबवायचे दिवस

रोज घ्यायची म्हणजे काहीही झालं तरी घ्यायची, असं नाही. हे तितकंच महत्त्वाचं आहे.

उलट्या, जुलाब, ताप येऊन खाणंपिणं सुटलं, की 'फ्लोझिन'ची गोळी थांबवायची. तशा वेळी मेटफॉर्मिन, सार्टन किंवा रामिप्रिल आणि लघवी वाढवणारी गोळीही बहुतेक डॉक्टर थांबवायला सांगतात. शरीरात पाणी नसताना या गोळ्या चालू राहिल्या तर मूत्रपिंडाला एकदम झटका बसतो. नीट जेवणखाण सुरू होऊन एक-दोन दिवस गेले की पुन्हा सुरू. आपल्यासाठी नेमकं काय थांबवायचं, ते बरे असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. आत्याचा तसा कागद मी तिच्या गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. इन्शुलिन मात्र आपल्या मनानं कधीही पूर्ण बंद करायचं नाही.

उपवासाचंही तसंच. 'फ्लोझिन' चालू असताना दिवसभर पोटात काही गेलं नाही, की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल साठू शकतं. गंमत नाही ही, जिवावर बेतणारी गोष्ट आहे. आणि फसवी अशी की त्या वेळी साखर दोनशेच्या आतही असू शकते. मळमळ, पोटदुखी, धाप, कमालीचा थकवा ही लक्षणं दिसली, तर ग्लुकोमीटरवरचा आकडा बघून निर्धास्त होऊ नका, दवाखान्यात जा आणि "मी ही गोळी घेते" हे आधी सांगा. आमच्याकडून आषाढीला पंढरपूरला चालत जाणारे पुष्कळ आहेत. वारीला निघण्याआधी आणि निर्जळी एकादशीच्या आधी गोळीचं काय करायचं ते विचारा. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हा धोका फार जास्त, म्हणून तिथे ही गोळी एरवी देत नाहीत. ऑपरेशन ठरलं असेल, मोतीबिंदूचं का असेना, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. मोठ्या ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी ती थांबवतात.

आमच्या भागातल्या एप्रिल-मेचा आणखी एक इशारा. या गोळीनं लघवी थोडी वाढते. उन्हात रानात काम असेल तर पाणी जवळ ठेवा आणि उठताना चक्कर येऊ लागली तर बीपी मोजा. बीपी उतरल्यामुळे गोळ्यांचा डोस बदलावा लागतो, असं उन्हाळ्यात होतं.

गुडघेदुखीची स्ट्रिप

अण्णांच्या गोष्टीतला एक भाग राहिला. त्यांचे गुडघे दुखायचे. एका ओळखीच्या दुकानातून डायक्लोफिनॅकची स्ट्रिप चिठ्ठीशिवाय मिळायची आणि तीन-चार वर्षं ती त्यांच्या खिशात असायची. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड ही सगळी औषधं गाळणीत येणारी नळी नको तितकी आवळतात. बीपीचं सार्टन आणि लघवीची गोळी घेणाऱ्या माणसानं वरून हे घेतलं, तर मूत्रपिंडाला तिन्ही बाजूंनी मार बसतो. एका हातानं राखण करणारी औषधं घ्यायची आणि दुसऱ्या हातानं हे, याला अर्थ नाही. शुगर आणि बीपीच्या गिऱ्हाइकाला मी ही स्ट्रिप चिठ्ठीशिवाय देत नाही. कितीतरी जण रागावून समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत. दुखलं तर पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, शेक, आणि दुखणं राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना 'मला शुगर आहे, किडनी जपायची आहे' हे सांगून औषध. बिनलेबलच्या पुड्या आणि भस्मं तर अजिबात नकोत. त्यात काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि शिसं-पारा निघाल्याची उदाहरणं आहेत.

डोळ्यांबद्दल थोडकं. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या डॉक्टरांना चिरफाड न करता प्रत्यक्ष नीट बघता येतात त्या डोळ्याच्या पडद्यावर. म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या; चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ती तपासणी नव्हे. पडदा आधीच खराब असेल आणि सेमाग्लुटाइड सुरू करायचं असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, कारण साखर फार झपाट्यानं उतरली तर सुरुवातीला पडद्याचं दुखणं वाढू शकतं. 'फ्लोझिन' मूत्रपिंडासाठी सिद्ध झाली आहे. डोळे आणि पायांच्या नसांसाठी मात्र साखर आणि बीपी ताब्यात ठेवणं हाच मुख्य उपाय.

आत्यानं दुसऱ्या दिवशी डॉक्टरांशी बोलून गोळी पुन्हा सुरू केली. त्याच आठवड्यात तिचा एसीआर पहिल्यांदा करून घेतला: २१४. पुन्हा केला, १९८. टेल्मिसार्टनचा डोस वाढवला, लोणचं-पापड कमी केलं, शेंगांच्या चटणीतलं मीठ तिनं स्वतःच निम्मं केलं. ऑगस्टच्या शेवटी एसीआर १३१ आला. युरिन शुगरच्या पुढे अजून चार चिन्हं आहेत. या वेळी तो कागद घेऊन आली तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवून तिनंच मला विचारलं, "ही आहेत ना जागेवर?" पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. लॅबची बाटली तिनं आत्ताच मागून नेली आणि न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवली.